आयटीसी फिटमध्ये एन सारखा ०.६८ येतोय? चूक सेलमधली की सिरिंजमधली, ते आधी ठरवा

"ताई, एन परत ०.६८ आलाय. १ वर फिक्स करून टाकू का?"

आयटीसी म्हणजे आयसोथर्मल टायट्रेशन कॅलरीमेट्री: सिरिंजमधून लिगंड, म्हणजे प्रोटीनला बांधणारा रेणू, सेलमधल्या प्रोटीनमध्ये थोडाथोडा टाकायचा आणि बंधाची उष्णता मोजायची. त्या उष्णतेच्या बिंदूंवर समीकरणाची रेषा बसवणं हा फिट, आणि एका प्रोटीन रेणूवर लिगंडसाठी किती जागा आहेत ते सांगणारा त्यातला आकडा म्हणजे एन. वरचा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतोच. आकडा बदलतो, कधी ०.५५ असतो, कधी १.४, पण विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा थकवा तोच असतो. या वेळी विचारणारी मुलगी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठवडाभरात तिने एकच टायट्रेशन चार वेळा केलं होतं. चारही वेळा फिटची रेषा बिंदूंवरून अगदी सुबक गेली आणि चारही वेळा एन ०.६५ ते ०.७० च्या मध्ये अडकला. "नको, फिक्स करू नकोस" एवढं सांगून मी निघून गेले असते, तर पुढच्या महिन्यात दुसरं कुणीतरी हेच विचारायला आलं असतं. म्हणून सगळं नीट लिहून ठेवते आहे.

प्रयोग साधा आणि मुद्दाम निवडलेला होता. सेलमध्ये गायीच्या रक्तातलं कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज, सिरिंजमध्ये ४-कार्बॉक्सीबेन्झीनसल्फोनामाइड. आयटीसी शिकणाऱ्याच्या हाताखालून ही जोडी एकदा गेलेली बरी. या एन्झाइमच्या एका रेणूत एकच झिंक असतं आणि सल्फोनामाइड नेमकं त्या झिंकलाच जाऊन धरतं. त्यामुळे एन १ च्या आसपासच यायला हवा, तिथे दुसरं काही स्पष्टीकरण चालत नाही. केडी (बंध किती सैल ते सांगणारा आकडा; जितका लहान तितका बंध घट्ट) साधारण एक मायक्रोमोलर. तिने सेलमध्ये २० मायक्रोमोलर प्रोटीन घेतलं, सिरिंजमध्ये २५० मायक्रोमोलर लिगंड, तापमान २५ अंश. पहिलं इंजेक्शन ०.४ मायक्रोलिटरचं, पुढची अठरा २-२ मायक्रोलिटरची, दोन इंजेक्शनांत १५० सेकंदांचं अंतर. मशीन २०० मायक्रोलिटरच्या सेलचं.

फिट उघडण्याआधी मी तिला कच्चा थर्मोग्राम, म्हणजे वेळेनुसार उष्णतेचा आलेख, दाखवायला सांगितलं. तिने ओरिजिन या फिटच्या सॉफ्टवेअरमधला तयार आलेखच पुढे केला. बहुतेक जण हेच करतात. सॉफ्टवेअर बेसलाइन आखतं, पीकखालचं क्षेत्रफळ काढतं, भागाकार करतं आणि आपल्यासमोर थेट आयसोथर्म, म्हणजे लिगंड-प्रोटीन गुणोत्तरानुसार उष्णतेची वक्ररेषा, ठेवतं. मधलं कुणी पाहतच नाही.

कच्च्या आलेखात काय बघायचं

आधी कागदावर एक गुणाकार करा. २ मायक्रोलिटर गुणिले २५० मायक्रोमोलर म्हणजे एका इंजेक्शनमधून ०.५ नॅनोमोल लिगंड सेलमध्ये जातो. डेल्टा एच (एक मोल बंधामागची उष्णता) उणे १० किलोकॅलरी प्रति मोल धरला, तर सुरुवातीच्या प्रत्येक पीकमधून सुमारे ५ मायक्रोकॅलरी उष्णता निघायला हवी. तिच्या आलेखात तेवढीच होती. तेच पीक अर्ध्या किंवा एक मायक्रोकॅलरीचे असते, तर मी फिटकडे वळलेच नसते. इतक्या छोट्या पीकमध्ये बेसलाइन जराशी हलली तरी सगळे आकडे डळमळतात.

मग बेसलाइन. १५० सेकंदांत पीक पूर्ण खाली येतोय का? येत नसेल तर पुढच्या पीकचं क्षेत्रफळ मागच्याच्या शेपटीत मिसळतं आणि सॉफ्टवेअरला ते कळत नाही. बेसलाइन सतत एकाच दिशेने सरकत असेल तर बफरमध्ये डीटीटी आहे का ते आधी विचारा. डीटीटीचं ऑक्सिडेशन होताना उष्णता निघत राहते. रिड्यूसिंग एजंट लागणारच असेल तर टीसीईपी वापरा, तोही थोडाच. बेसलाइनवर मध्येच टोकदार सुळका दिसला तर बुडबुडा किंवा वाकलेली सुई, दोन्हींपैकी एक हमखास सापडतं.

इंटिग्रेशन हाताने ओढून बसवण्याचा मोह टाळा. एकाच फाइलची बेसलाइन दोघांनी हाताने आखली तर दोन वेगळे डेल्टा एच निघतात, हे मी समोर बसून पाहिलं आहे. अमेरिकेतल्या एनआयएचमधले पीटर शुक आणि टेक्सासमधले चॅड ब्रॉटिगम यांच्या गटाने २०१२ मध्ये निटपिक नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो सगळ्या पीकचा आकार एकत्र विचारात घेऊन बेसलाइन ठरवतो आणि प्रत्येक इंजेक्शनच्या क्षेत्रफळाला स्वतंत्र एरर बार देतो. मोफत आहे, मशीनची मूळ फाइल थेट वाचतो आणि त्याचा निकाल पुढे सेडफॅट या प्रोग्रॅममध्ये फिटसाठी नेता येतो. एरर बार मिळाल्यामुळे फिट करताना गोंगाटातल्या बिंदूंना आपोआप कमी वजन मिळतं. माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही तो शिकून घ्यावा.

पहिला पीक लहान येतो, तो तसाच यायचा. घाबरू नका. सुई सेलमध्ये बुडून वाट बघत असते तेव्हा टोकातला थोडा लिगंड विरघळून जातो. शिवाय सिरिंजच्या स्क्रूमध्ये उलटसुलट फिरताना थोडी मोकळीक राहते, त्यामुळे पहिल्या वेळी सांगितलं तेवढं व्हॉल्यूम बाहेर पडत नाही. हे दुसरं कारण मिझोए आणि टेलिंगह्युसेन यांनी २००४ मध्ये दाखवून दिलं. पहिलं इंजेक्शन ०.४ मायक्रोलिटरचं ठेवतात ते याचसाठी, म्हणजे तो बिंदू टाकून देता येतो. पण टाकताना बिंदू फक्त फिटमधून वगळा. टेबलातली ओळ डिलीट केली तर सॉफ्टवेअर समजतं की ते व्हॉल्यूम सेलमध्ये गेलंच नाही, आणि पुढची सगळी मोलर गुणोत्तरं सरकतात.

तिचा थर्मोग्राम स्वच्छ होता. पीक उंच, खाली नीट येणारे, शेवटचे पाच-सहा सपाट. म्हणजे ०.६८ कुठून येतोय ते पीकमध्ये शोधण्यात अर्थ नव्हता.

एक फाइल, दोन बदल

इथे थोडं थांबा आणि तुमच्या मशीनवर हे खरंच करून पाहा. वाचून जेवढं पटतं त्याच्या कितीतरी पट करून पटतं.

तुमचा कुठलाही बरा, सी-व्हॅल्यू (एन गुणिले सेलमधलं प्रोटीन भागिले केडी) २० च्या आसपास असलेला प्रयोग उघडा. एकाच जागेचं मॉडेल लावा, एन, के (बंधाचा स्थिरांक, केडीचा व्यस्त) आणि डेल्टा एच तिन्ही मोकळे सोडा, फिट करा, आकडे वहीत लिहा. आता फक्त सेलचं कॉन्सन्ट्रेशन बदला. २० च्या जागी १६ टाका आणि पुन्हा फिट करा. एन वाढून सव्वापट होईल. के आणि डेल्टा एच मात्र जागचे हलणार नाहीत. त्याचं कारण साधं आहे. समीकरणात एन आणि सेलमधलं प्रोटीन नेहमी हातात हात घालून, गुणाकाराच्या रूपातच येतात. एक कमी केला की दुसरा तेवढाच वाढून हिशेब जुळवतो.

आता सेल परत २० करा आणि सिरिंज बदला. समजा तुम्ही २५० लिहिलंय, पण खरं २०० च आहे. २०० टाकून फिट केलात की तिन्ही आकडे हलतात. उलट्या बाजूने सांगायचं तर, लिगंड खरा ८० टक्केच असताना तुम्ही २५० वर विश्वास ठेवलात तर एन १ च्या जागी १.२५ दिसतो, डेल्टा एच ८० टक्केच दिसतो आणि बंधाचा स्थिरांक के सुद्धा ८० टक्के होतो, म्हणजे केडी सव्वापट. शिवाय यातल्या कुठल्याच वेळी फिटची रेषा बिघडत नाही. रेसिड्युअल (बिंदू आणि रेषेतली तफावत) तितकेच सुबक, काय-स्क्वेअर (त्या तफावतींचं एकत्रित माप) तितकाच लहान.

त्या मुलीला मी हे दाखवलं तेव्हा ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. चार दिवस तिने रेषा सुंदर बसतेय म्हणजे आकडे बरोबर आहेत असं धरलं होतं. रेषा सांगते की मॉडेलचा आकार बरोबर आहे. तुम्ही खोक्यात टाइप केलेला कॉन्सन्ट्रेशनचा आकडा खरा आहे की नाही, ते रेषेला कळायला मार्गच नाही.

आता "१ वर फिक्स करू का" याचं उत्तर मिळतं. चूक सेलमध्ये असेल आणि सी-व्हॅल्यू चांगली असेल, तर मोकळा एन ती चूक स्वतःकडे घेतो आणि के व डेल्टा एच वाचतात. तोच तुम्ही १ वर बांधलात, तर त्या चुकीला जायला जागा उरत नाही. ती के आणि डेल्टा एचमध्ये घुसते, रेषा बिंदूंपासून सुटते आणि पेपरमध्ये जाणारे नेमके तेच दोन आकडे नासतात.

०.६८ चा शोध

एन १ पेक्षा कमी आला की दोनच शक्यता उरतात. एक तर सेलमधलं बांधू शकणारं प्रोटीन लिहिलंय त्यापेक्षा कमी आहे, नाहीतर सिरिंजमधला लिगंड लिहिलंय त्यापेक्षा जास्त आहे. लिगंड जवळजवळ दीडपट जास्त होण्यासाठी डायल्यूशनमध्येच मोठी गफलत व्हावी लागते, आणि चारही वेळा ती तशीच होणं अवघड. म्हणून आधी प्रोटीन.

"२० मायक्रोमोलर कसं ठरवलंस?" मी विचारलं.

"पावडर वजन करून. मॉलिक्युलर वेट २९ हजार धरलं."

महिना जुलैचा. उणे २० च्या फ्रीजरमधून बाटली काढायची, लगेच झाकण उघडायचं आणि स्पॅट्युला घालायचा, हे आपल्याकडे पावसाळ्यात सर्रास होतं. थंड काचेवर आणि पावडरीवर हवेतलं पाणी क्षणात बसतं. महिनाभरात ती पावडर बाटलीच्या तळाशी किंचित चिकटू लागते. तिची बाटली मी उजेडात धरली, तर पांढऱ्या भुकटीऐवजी कडेला छोट्या गुठळ्या होत्या. वजनात पाणी आलं. शिवाय लायोफिलाइज्ड प्रोटीनमध्ये थोडे क्षार असतातच, तेही वजनात येतात. तराजू तीन दशांशांपर्यंत अचूक असला तरी त्यातलं प्रोटीन किती, ते तो सांगत नाही.

सेल भरून उरलेलं द्रावण तिने सुदैवाने ठेवलं होतं. २८० नॅनोमीटरला शोषण ०.८६ आलं. या एन्झाइमचा मोलर एक्स्टिंक्शन गुणांक साधारण ५७ हजार धरला की १५.१ मायक्रोमोलर होतात. मग ३२० ला वाचन घेतलं. तिथे प्रोटीन काही शोषत नाही, वाचन शून्य यायला हवं. आलं ०.०२. म्हणजे द्रावणात गाठी आहेत आणि त्या प्रकाश विखुरतायत. विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं असं धरून ३२० चं ०.०२ हे २८० ला नेलं, तर सुमारे ०.०३४ होतं. ते वजा केलं, ०.८२६ उरलं, म्हणजे १४.५ मायक्रोमोलर.

चार फाइलींपैकी सर्वात नीट फाइल उघडून सेलच्या खोक्यात २० पुसून १४.५ लिहिलं. फिट. एन ०.९४. के आणि डेल्टा एचच्या आकड्यांत कसलाही फरक नाही.

चार टायट्रेशन वाया गेली नव्हती. चारही फाइली जशाच्या तशा वापरता येणार होत्या. हे कळल्यावर तिला किती हलकं वाटलं, ते मी सांगायला नको.

०.९४ मधला उरलेला फरक मला चालतो. गाठी झालेला किंवा झिंक गमावलेला थोडा अंश बांधत नाही, तो सेलमध्ये पडून असतो. सेडफॅटमध्ये एन ऐवजी नेमका हाच अर्थ असलेला पॅरामीटर आहे, "अकार्यक्षम अंश". मला तो जास्त प्रामाणिक वाटतो. जागा एकच आहे हे रचनेवरून माहीत असताना ०.९४ जागा म्हणण्यापेक्षा सहा टक्के प्रोटीन काम करत नाही म्हणणं बरं. पुढच्या वेळी डायलिसिसनंतर प्रोटीन दहा मिनिटं जोरात सेंट्रिफ्यूज करायचं आणि मगच २८० चं वाचन घ्यायचं, एवढं तिने वहीत लिहून घेतलं.

एन १ च्या वर गेला तर

इथे मात्र मी जास्त सावध होते, कारण चूक सिरिंजमध्ये असेल तर तिन्ही आकडे खोटे असतात आणि एन बघूनच ते कळतं. याच लिगंडचं उदाहरण घ्या. त्यावर कार्बॉक्सिल गट आहे, त्यामुळे थेट पाण्यात तो नीट विरघळत नाही आणि विरघळला तेवढा बफरचा पीएच खाली ओढतो. ट्यूब उजेडात तिरकी करा. तळाशी बारीक चकाकणारे कण फिरताना दिसले तर तुमचं २५० हे २५० नाही. थोडा बेस घालून पीएच बफरच्या बरोबरीला आणा, कण गेले की नाही ते बघा, मग यूव्हीवर मोजा. ज्या लिगंडला यूव्ही शोषण नाही त्याच्यासाठी आतलं मानक घालून एनएमआरवर मोजणं हा सर्वात भरवशाचा मार्ग. वजनावर विसंबायचं असेल तर तो लिगंड कुठल्या क्षाराच्या रूपात आहे आणि सोबत किती पाणी आहे, ते बाटलीवर वाचून मोलर वजन धरा. हायड्रोक्लोराइडचं वजन विसरल्यामुळे आलेला १.१५ चा एन मी दोनदा पाहिला आहे.

लिगंड डीएमएसओमध्ये असेल तर सेल आणि सिरिंज दोन्हींत डीएमएसओचं प्रमाण काटेकोर सारखं हवं. एका बाजूला ५ टक्के आणि दुसऱ्या बाजूला ४.८ झालं तरी मिसळण्याचीच उष्णता इतकी निघते की बंधाची उष्णता तिच्याखाली बुडते. हे थर्मोग्राममध्ये लगेच ओळखू येतं, शेवटचे पीक सपाट होण्याऐवजी सगळे सारख्या उंचीचे मोठे राहतात.

ती मिसळण्याची उष्णता वजा कशी करायची, यावरही बरीच चूक होते. शेवटच्या काही इंजेक्शनांची सरासरी घेऊन वजा करणं तेव्हाच योग्य, जेव्हा सेलमधलं सगळं प्रोटीन खरंच भरून गेलेलं असतं. कमकुवत बंध असेल तर शेवटच्या पीकमध्येही थोडा खरा बंध चालूच असतो. तो तुम्ही वजा केलात तर के फुगतो. अशा वेळी लिगंड नुसत्या बफरमध्ये टाकून वेगळा कंट्रोल घ्या. आणि तो बिंदूगणिक वजा करू नका, त्याचा गोंगाट तुमच्या बिंदूंत येतो. त्याची सरासरी किंवा सरळ रेषा वजा करा, किंवा फिटमध्येच एक स्थिर ऑफसेट मोकळा सोडा.

सी-व्हॅल्यू लहान असेल तर सगळं वेगळं

वर सांगितलेलं "एन मोकळा सोडा" हे सी-व्हॅल्यू बरी असतानाच. सी म्हणजे एन गुणिले सेलमधलं प्रोटीन भागिले केडी, १९८९ मध्ये वाइझमन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली. तिच्या प्रयोगात ती १४ च्या आसपास होती, म्हणून आयसोथर्मला छान एस आकार होता. सी १ च्या खाली गेली की एस नाहीसा होतो, फक्त उतरती कमान उरते. त्या कमानीत एन कुठे आहे हे सांगणारा बाकच नसतो. मग तिन्ही मोकळे सोडले की सॉफ्टवेअर एन ०.०८ आणि डेल्टा एच उणे ९० किलोकॅलरी असलं काहीतरी परत करतं, किंवा शंभर इटरेशन करूनही थांबत नाही. अशा वेळी सुरुवातीचे आकडे बदलून बदलून फिट दाबत बसण्याने काही साधत नाही, कारण माहिती त्या कमानीतच नाही.

इथे एन बांधावाच लागतो. टर्नबुल आणि डरानास यांनी २००३ मध्ये दाखवलं की जागांची संख्या आधीपासून ठाऊक असेल, लिगंडचं कॉन्सन्ट्रेशन अचूक असेल आणि टायट्रेशन पुरेसं पुढे नेलं असेल, तर सी लहान असूनही के चांगला मिळतो. डेल्टा एच मात्र तेवढा भरवशाचा राहत नाही. प्रोटीनच्या कॉन्सन्ट्रेशनमधली चूक इथे थेट त्याच्यात जाते. म्हणून कमकुवत बंधाच्या प्रयोगात २८० आणि ३२० ची वाचनं घेतल्याशिवाय एन बांधू नका.

दुसऱ्या टोकाला, सी हजाराच्या वर गेली की आयसोथर्म जवळजवळ काटकोनात पडतो. एन आणि डेल्टा एच उत्तम मिळतात, के मिळत नाही. तिथे आधी कमकुवत लिगंड भरून मग घट्ट लिगंडने त्याला हुसकावणारी स्पर्धात्मक टायट्रेशन हाच उपाय.

सॉफ्टवेअर छापतं तो ± कशाचा?

हा विषय मला फार जवळचा आहे. ओरिजिन फिटच्या खाली के ± अमुक छापतं. तो ± फक्त बिंदू रेषेभोवती किती विखुरलेत त्यावरून येतो. कॉन्सन्ट्रेशनमधली अनिश्चितता त्यात अजिबात नाही.

कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज आणि याच सल्फोनामाइडची जोडी २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका तुलनात्मक अभ्यासात वेगवेगळ्या प्रयोगशाळांना वाटली होती. त्यांच्या आयटीसी निकालांत डेल्टा एच उणे १०.४ किलोकॅलरी आला आणि प्रयोगशाळांमधला फरक ± २.५. म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा. एकेका फिटने स्वतःपुरता छापलेला ± त्याहून पुष्कळ लहान असतो. टेलिंगह्युसेन आणि चोडेरा यांनी पुढे २०११ मध्ये कॉन्सन्ट्रेशन आणि बेसलाइन या दोन गोष्टींकडेच बोट दाखवलं.

म्हणून मी तिला चार फाइली वेगवेगळ्या फिट करून सरासरी काढू दिली नाही. चारही सेडफॅटमध्ये एकत्र घेतल्या, के आणि डेल्टा एच सर्वांना सामाईक ठेवले आणि अकार्यक्षम अंश प्रत्येक फाइलला स्वतंत्र. प्रत्येक वेळी पावडर वेगळी तोलली होती, तेव्हा ती चूक प्रत्येक फाइलची स्वतःची असणार, हे त्या मांडणीत आपोआप आलं. मग के एकेका आकड्यावर बांधून बाकीचे पुन्हा फिट करत गेलो, काय-स्क्वेअर कुठे वर चढतो ते बघितलं आणि तिथून केडीची खालची-वरची मर्यादा काढली. ती मर्यादा ओरिजिनच्या ± पेक्षा रुंद आली आणि दोन्ही बाजूंना सारखी नव्हती. तीच प्रबंधात जाईल. सिरिंजचं कॉन्सन्ट्रेशन तिने यूव्हीवर तीनदा मोजलं, त्यातली अनिश्चितता वेगळी लिहिली.

मोह होतो तो "दोन प्रकारच्या जागा" या मॉडेलचा. तीनऐवजी सहा पॅरामीटर दिले की रेषा कुठल्याही वेड्यावाकड्या बिंदूंवरून जाते. रेसिड्युअलमध्ये ठरावीक वळण दिसत असेल, ते दुसऱ्या दिवशीच्या ताज्या प्रोटीनवरही दिसत असेल आणि रचनेत दुसरी जागा असण्याला आधार असेल, तरच तिकडे जा.

आणखी एक. डेल्टा एच दुसऱ्याच्या पेपरशी जुळत नसेल तर बफर बघा. बंध होताना प्रोटॉन सुटत किंवा घेतला जात असेल, तर बफरच्या आयनीकरणाची उष्णता मोजणीत मिसळते. ट्रिसची ती सुमारे ११ किलोकॅलरी आहे, फॉस्फेटची १ च्या आत. सल्फोनामाइडच्या बाबतीत हा फरक पडतोच. तेव्हा ट्रिसमधला डेल्टा एच फॉस्फेटमधल्याशी थेट ताडून बघू नका, आणि एकक कॅलरी आहे की जूल, तेही आधी बघा.

मदत मागताना फिटचं चित्र पाठवू नका. मशीनची मूळ फाइल, सेल आणि सिरिंजचं कॉन्सन्ट्रेशन कसं मोजलं ते, २८० आणि ३२० ची वाचनं, बफरची पूर्ण कृती आणि लिगंड-बफर कंट्रोलची फाइल, एवढं पाठवा. ती बाटली आता डेसिकेटरमध्ये आहे. झाकणावर तिने स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली आहे: उघडण्याआधी अर्धा तास बाहेर ठेवा.